टोचलेला कान

इस्राएल लोकांच्या जुन्या धर्मशास्त्रांत, म्हणजे बायबलांतील 'निर्गम' या ग्रंथाच्या 21 व्या अध्यायांत, दासांविषयीं एक विलक्षण नियम आहे. विकत घेतलेल्या हिब्रू दासानें सहा वर्षें चाकरी करावी व सातव्या वर्षीं कांहीं एक मोल न देतां मोकळें व्हावें, असा दंडक सांगून शास्त्रकार पुढें एक अपवाद नोंदवितो. धन्यावर आणि धन्याच्या घरीं मिळालेल्या बायकामुलांवर माझी माया आहे, मला सुटका नको, असें दासच म्हणूं लागला, तर धन्यानें त्याला दाराशीं न्यावें व आरीनें त्याचा कान टोचावा. मग तो जन्माचा दास. पुढें यहुदी आचार्य योहानान बेन झक्काई यांनीं यावर मार्मिक भाष्य केलें. सर्व अवयव सोडून कानच कां? तर, हे लोक माझेच दास आहेत, ही ईश्वराची वाणी सीनाय पर्वतावर ज्या कानानें ऐकली, त्याचाच मालक आपण होऊन दुसरा धनी करावयास गेला, म्हणून.

या दासाला फसविणारा कोणी नाहीं, कोंडणाराहि कोणी नाहीं. कायदा त्याच्या बाजूचा, दार उघडें. तरी तो कान पुढें करतो. आत्मिक जीवनांतहि असेंच घडतें. ईश्वराशीं मनुष्याचें नातें धनी-चाकराचें नसून बापलेकांचें आहे, आणि तें कमवावयाचें नसून स्वीकारावयाचें आहे, हा ख्रिस्ताच्या उपदेशाचा गाभा. याहून सुखाची वार्ता कोणती? पण ती ऐकून उठणारे थोडे. आम्हांस कांहीं नियम सांगा, कांहीं प्रायश्चित्त द्या, कोणी तरी आमच्या डोक्यावर असूं द्या, असें म्हणणारेच फार.

याचें कारण अज्ञान, असें सुशिक्षितांस वाटतें. परंतु अज्ञान हेंच कारण असतें, तर पदवीधरांचीं घरें नवसावांचून व कोणा तरी महाराजांच्या आज्ञेवांचून सुखानें चाललीं असतीं. आणि शिकलेला ख्रिस्ती गृहस्थ रविवारच्या उपासनेला हजेरी लावून परमेश्वराशीं आपला हिशेब चुकता झाला, असें समजला नसता.

दुसरें उत्तर धर्माधिकाऱ्यांचें. सामान्य माणूस दुबळा आहे, त्याला स्वातंत्र्य पेलत नाहीं, तेव्हां त्याचा भार आपण उचलणें हीच दया, असें तें आहे. दोस्तोव्हस्कीनें 1879-80 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या करमाझॉव्ह बंधूंच्या कादंबरींत हेंच म्हणणें सेव्हिल शहरांतील एका नव्वद वर्षांच्या धर्मन्यायाधीशाच्या तोंडीं घातलें आहे. पुन्हा अवतरलेल्या ख्रिस्तालाच बंदींत टाकून तो म्हातारा त्याला सुनावतो कीं, तूं माणसांची किंमत फाजील केलीस; आम्हीं तुझी चूक दुरुस्त केली. ख्रिस्त एक शब्दहि न बोलतां त्याचें चुंबन घेतो. म्हातारा दार उघडून त्याला जाऊं देतो. स्वतः मात्र आपल्या मतासह आंतच राहतो.

हें उत्तर दयाळू दिसतें, म्हणून अधिक घातक आहे. शिवाय तें खोटें आहे. स्वातंत्र्य नाकारणारीं हींच माणसें कडक उपवास करतात, अनवाणी यात्रा करतात, जन्मभर व्रतें पाळतात. हीं ओझीं दुबळ्याच्यानें उचलवतील काय?

आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. दास्यांत दोन मोठ्या सोयी आहेत. काम चांगलें झालें तर मजुरीवर हक्क सांगतां येतो; वाईट झालें तर आज्ञा करणाऱ्याकडे बोट दाखवितां येतें. कृपा या दोन्ही सोयी एकदम काढून घेते. लूकच्या 15 व्या अध्यायांतील दोन पुत्रांची कथा या दृष्टीनें वाचावी. आपली वाटणी उधळून डुकरें राखण्याच्या पाळीवर आलेला धाकटा घरीं निघण्यापूर्वीं मनाशीं एक भाषण जुळवितो, व त्याचा शेवट, मला मोलकरी म्हणून ठेवा, या विनंतीनें करतो. ही विनंती नम्र दिसते. पण तो एक सौदा आहे. मजुरी घेणाऱ्यास उपकाराखालीं राहावें लागत नाहीं. बाप धांवत येऊन त्याला मिठी मारतो. मुलगा बोलूं लागतो. परंतु मोलकरी होण्याची गोष्ट त्याच्या ओठांवर येण्यापूर्वींच बापानें झगा, अंगठी व जोडे मागविलेले असतात.

थोरल्याचें दुखणें याहून जुनाट. त्यानें घर कधींच सोडलें नाहीं, पण घरांत तो पुत्र म्हणून राहिलाहि नाहीं. इतकीं वर्षें राबलों आणि मला साधें करडूंहि मिळालें नाहीं, ही त्याची तक्रार चाकराची आहे. जें माझें तें तुझेंच, असें बाप सांगतो. म्हणजे करडूं पूर्वींपासून त्याचेंच होतें. मग त्यानें तें घेतलें कां नाहीं? कारण वारसाला पगार नसतो, आणि पगार नसेल तर उधळ्या भावापेक्षां आपण श्रेष्ठ हें कोणत्या वहीवरून दाखवावयाचें? थोरला शेवटीं आंत गेला कीं नाहीं, हें ख्रिस्तानें सांगितलेलें नाहीं.

हा रोग मंडळीइतकाच जुना आहे. ख्रिस्ताच्या मरणाला एक पिढीहि लोटली नव्हती, तोंच आशिया मायनरमधील गलतीकर सुंता करून घेण्यास व सणवार पाळण्यास उत्सुक झाले, आणि पौलाला आपलें सर्वांत संतप्त पत्र लिहावें लागलें. आमच्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला; पण एका पुरोहितवर्गाचें जूं झुगारल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेण्यास त्यांनीं साफ नकार दिला. नारायण वामन टिळकांनीं 1917 सालीं अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्याहि ख्रिस्तभक्तांसाठीं 'देवाचा दरबार' मांडला. 1919 सालीं ते वारले, व दरबार त्यांच्यामागें टिकला नाहीं. त्यांचीं भजनें आम्हीं उचललीं. धाडस तेवढें ठेवून दिलें.

यानें स्वैराचार माजेल, अशी भीति घालण्यांत येते. पण ख्रिस्तानें शिष्यांचे पाय धुतले ते कोणाच्या भयानें, कीं मजुरीच्या आशेनें? चाकराची सेवा मजुरी थांबली कीं थांबते. पुत्राची सेवा थांबावयास कारणच नसतें.

म्हणून जो उपदेशक, जो गुरु, किंवा घरांतील जो वडीलधारा भय राखून आपल्या माणसांस 'सांभाळतो', त्यानें आपल्या हातांत आरी आहे हें ओळखावें. आणि कान पुढें करणाऱ्यांनींहि दुबळेपणाची सबब सांगूं नये. निर्गमांतील त्या दासापुढें बायकामुलें मागें टाकण्याचा खरा पेंच होता. बापाच्या घरीं जाणाऱ्याला कोणालाहि मागें ठेवावें लागत नाहीं. टाकावी लागते ती केवळ आपल्या पुण्याची वही.