एसीचं पाणी भिंतीत मुरतंय, बिल मात्र पावसाच्या नावावर!

सिंधुदुर्ग : कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारपेठेत आता बँक असो, दवाखाना असो की मोबाईलचं दुकान, एसी आलाच. त्यासोबत बाहेरच्या भिंतींवर शेवाळाचे काळे-हिरवे पट्टेही आले. दोष पावसाला दिला जातो. पण भर एप्रिल-मे महिन्यात भिंत ओली असेल, तर पाऊस आला कुठून?

बादलीभर पाणी रोज

एसीच्या थंड कॉइलवर दमट हवेतल्या वाफेचं पाणी होतं. कोकणच्या हवेत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज टाकतो. दिवसभरात बादली भरते. ही नळी बहुतेक ठिकाणी भिंतीला भोक पाडून छज्जावर सोडून दिलेली असते. आपल्याकडचा जांभा चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो. पाणी स्लॅबमध्ये पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. नळीत बुळबुळीत गाळ साचला तर पाणी उलटं खोलीत येतं. खाली वायरिंग किंवा दप्तराचं कपाट असेल तर विचारूच नका.

जबाबदार कोण?

खरी गोम इथे आहे. मेकॅनिक म्हणतो, नळी बाहेर काढली, माझं काम संपलं. मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो. सरकारी कार्यालयात एसी घेणारं खातं वेगळं, इमारत सांभाळणारा सार्वजनिक बांधकाम विभाग वेगळा. मग गळती समजून गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं, पैसे जातात आणि ओल तशीच राहते.

उपाय सोपा आहे

आधी दोन-तीन दिवस एसी बंद ठेवून बघा. डाग वाढायचा थांबला तर कारण सापडलं. नळीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार द्या, क्लॅम्प मारून ती थेट जमिनीपर्यंत गटारात किंवा झाडाच्या आळ्यात सोडा. उन्हाळ्याआधी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला येतंय का ते पाहा. पाणी पिऊ नका, झाडांना चालेल.

सरकारी खरेदीत तर एसीच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याची पाईप धरली पाहिजे आणि ती जमिनीपर्यंत पोचल्याशिवाय बिल काढू नये. काहीशे रुपयांच्या पाईपसाठी पुढे लाखाची दुरुस्ती काढायची, हा हिशोब कुणालाच परवडणारा नाही.