दारं किती आहेत?

२५ जुलै २०२५, शुक्रवार. दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी जयपूरच्या तिलक नगरातल्या एका लायब्ररीत बसले होते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. महिन्याचे पैसे भरून खुर्ची, टेबल आणि वायफाय मिळणाऱ्या अभ्यासिकेला इकडे लायब्ररी म्हणतात. आमची तळघरात आहे. विद्यापीठ जवळ आहे आणि भाड्याच्या खोलीत टेबल मावत नाही, म्हणून माझ्या प्रबंधाचं लिखाण मी तिथंच करते. आजूबाजूला पटवारी, शिक्षक भरती, नेट यांची तयारी करणारी मुलं असतात. बहुतेक जण आपल्या घरातले पहिलेच पदवीधर.

आईनं टीव्हीवर बातमी पाहिली होती. झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत सकाळी मुलांच्या अंगावर कोसळलं. सात लेकरं गेली. झालावाड जयपूरपासून किती लांब आहे हे आईला ठाऊक नाही. राजस्थान म्हटलं की तिला फक्त मी दिसते. मी ठीक आहे म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू बसतीस तिथं दारं किती हैत गं?"

"एक."

"अन् जिना?"

"तोही एकच."

"कुंभकोणमला बी एकच होता."

माझी आई चौथी शिकलेली आहे. तामिळनाडू तिनं नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही. तरी एकवीस वर्षांपूर्वी जळालेल्या एका शाळेला जिने किती होते हे तिच्या लक्षात आहे. आपण शिकलेल्यांच्या ते का लक्षात नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

१६ जुलै २००४. तोही शुक्रवारच. तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम शहरात श्रीकृष्ण या नावाच्या अनुदानित शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचं जेवण शिजत होतं. तिथं आग लागली आणि झावळ्यांच्या छपरानं ती उचलली. एकाच इमारतीत तीन शाळा कोंबलेल्या होत्या. वरच्या मजल्यावर झावळ्यांच्या छपराखाली लहान मुलांचे वर्ग भरत. खाली यायला एकच अरुंद जिना. ९४ मुलं गेली. बहुतेक प्राथमिकची होती, म्हणजे तेव्हाच्या माझ्याच वयाची. मी सात वर्षांची होते, दुसरीत.

त्याच वर्षी आईला परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. बौद्धवाड्यातल्या बाईला हे काम मिळालं म्हणून गावात आधी कुजबुज झाली, मग काही घरांनी मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. गुरुजींनी त्यावर तोडगा काढला. शाळेत एक पत्र्याची रिकामी खोली होती, पण तिच्या दाराशी पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. त्यामुळे त्या खोलीत आईनं चूल मांडायची नाही असं ठरलं. दुसरीच्या वर्गाच्या भिंतीला टेकून तुराट्यांचा कूड उभा केला, वर पाचट टाकलं आणि आईची चूल तिथं गेली. त्या भिंतीला खिडकी होती. आईच्या चुलीचा धूर आमच्या पाढ्यांमध्ये यायचा.

कुंभकोणमची बातमी आली तेव्हा गुरुजींनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कुडाशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या. चूल मात्र जिथं होती तिथंच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ओट्याची डागडुजी निघाली, त्यात ती वाळू संपली. आईनं दोनदा तोंडी सांगितलं की चूल पत्र्याच्या खोलीत हलवा, लेकरं शेजारीच बसतात. तिला उत्तर मिळालं, "काम मिळालंय हेच पुष्कळ समज."

आमच्या शाळेला कधी आग लागली नाही. पण आग कुठं ठेवायची हे आमच्या शाळेत जातीनं ठरवलं होतं, एवढं मला आज नीट कळतं. विस्तव लेकरांच्या डोक्याशी चालला, रांजणाशी चालला नाही.

प्रबंधासाठी जुने आदेश वाचताना पुढची गोष्ट हाती लागली. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१चा. ज्या याचिकेवर तो निघाला ती पीयूसीएलच्या राजस्थान शाखेनं केली होती. अन्नाच्या हक्काची ती लढाई या राज्यात सुरू झाली आणि तिच्यामुळे माझ्या आईला काम आणि मला दुपारचं जेवण मिळालं. त्याच प्रकरणात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. आणि शाळेत स्वयंपाकाची शेड बांधण्यासाठी केंद्र सरकारनं तरतूद करावी. कुंभकोणमची आग त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लागली.

तामिळनाडूतली शालेय जेवणाची योजना या आदेशांपेक्षा कितीतरी जुनी. तरीही प्रश्न दोन्हीकडे एकच. आपल्या लेकरांना जेवण द्यायचं हे ठरलं. ते शिजवणाऱ्या बाईला आणि खाणाऱ्या मुलाला धड छप्पर द्यायचं हे मात्र नंतरसाठी ठेवलं गेलं.

खटल्याचं काय झालं तेही पाहू. जुलै २०१४ मध्ये, म्हणजे आगीनंतर दहा वर्षांनी, तंजावरच्या न्यायालयानं २१ आरोपींपैकी ११ जणांना सोडलं आणि दहा जणांना दोषी ठरवलं. संस्थाचालकाला जन्मठेप झाली. दोषींमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी होते आणि जेवण शिजवणारी बाईही होती. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं संस्थाचालकाची जन्मठेप भोगलेल्या शिक्षेपुरती कमी केली. शिक्षण खात्याचे अधिकारी निर्दोष सुटले.

निष्काळजीपणा स्वयंपाकिणीकडूनही होऊ शकतो, ते मी नाकारत नाही. पण झावळ्यांचं छप्पर तिनं घातलं नव्हतं. वर्ग कुठं भरवायचे हे तिच्या हातात नव्हतं, शाळेला मान्यता तिनं दिली नव्हती, तपासणीचे शेरे तिनं लिहिले नव्हते. अशा कामाचं मानधन केंद्र सरकारनं २००९ मध्ये महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं आपापली भर घालतात, केंद्राचा आकडा अजून तोच आहे. निर्णय घेणारे वर बसतात आणि विस्तवाजवळ सगळ्यात कमी पैशात राबणारी बाई असते. चौकशी सुरू झाली की बोट आधी विस्तवाकडे जातं. आईला कुंभकोणम का पाठ आहे, ते हा निकाल वाचल्यावर मला कळलं. मेलेल्या मुलांमध्ये तिला मी दिसले असेन आणि आरोपींमध्ये ती स्वतः.

या आगीमुळे कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. असुरक्षित इमारतीत मुलाला बसवणं म्हणजे हक्क देणं नव्हे. शाळांमध्ये आग विझवायची साधनं हवीत, इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हव्यात, शिक्षकांना प्रशिक्षण हवं, असे आदेश निघाले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि जेवण शिजवायला स्वयंपाकघर, दोन्ही लिहिलेलं आहे.

तरी मालिका थांबली नाही. त्याआधी १९९५ च्या २३ डिसेंबरला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या मंडपाला आग लागून ४४२ माणसं गेली होती, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. २०१९ मध्ये सुरतेत इमारतीच्या सगळ्यात वर चालणाऱ्या शिकवणीत २२ विद्यार्थी गेले. २०२५ मध्ये पिपलोदी. तिथं आग नव्हती, पावसाळ्यातलं जुनं छत होतं. वाचलेल्या मुलांनी सांगितलं की वरून खडे पडत होते आणि ते त्यांनी शिक्षकांच्या कानावर घातलं होतं. ही दलित आणि भिल्ल वस्त्यांतली मुलं जातात ती शाळा.

इथं आपल्यातलाच एक जण मला अडवेल. आणि त्याचा मुद्दा खरा आहे. सुरक्षेच्या नावानं शाळाच बंद करतील. पिपलोदीनंतर राजस्थानात ८६ हजारांहून जास्त वर्गखोल्या वापरण्यालायक नसल्याचं समोर आलं आणि उच्च न्यायालयानं तिथं मुलांना बसवायला मनाई केली. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना २०२३ मध्ये पुढं आलीच होती. तांड्यावरची, वस्तीवरची शाळा मोडकळीला आली की ती पाडायला सरकारला वेळ लागत नाही, बांधायला लागतो. मुलगी दोन मैल चालत जाणार नाही, घरीच बसेल. मग काय, पडकी का होईना, शाळा राहू द्यावी?

हा पेच आपण मांडलेला नाही, तो आपल्यापुढे मांडला गेला आहे. पडकी शाळा किंवा शाळाच नाही, असे दोनच पर्याय ज्यांच्यापुढे ठेवले जातात ती घरं कुणाची असतात, हे पाहिलं की उत्तर मिळतं. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळेतल्या पालकाला असं कुणी विचारत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं हेच सांगितलं होतं की महसूल शूद्र शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. शाळा ही दया नव्हे, आपल्याच पैशाचा हिशोब आहे. ज्या शहरात मी टिळकांच्या नावाच्या वस्तीत राहून फुल्यांची साक्ष वाचते, त्याच राज्यात पिपलोदीच्या एका निरक्षर भिल्ल मजुरानं आपलं पक्कं घर शाळेला दिलं आणि स्वतःचं कुटुंब ताडपत्रीच्या झोपडीत नेलं. त्याच्यापुढं मान झुकते. पण ज्याच्याकडं एकच घर होतं त्यानं ते द्यावं आणि ज्याच्याकडं तिजोरी आहे त्यानं चौकशी समिती नेमावी, याला मी आदर्श म्हणणार नाही.

आता आपल्याबद्दल. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर एक वाक्य घेऊन मोठे झालो: मिळालं हेच पुष्कळ. शाळा मिळाली, बाक नसला तरी चालेल. वसतिगृह मिळालं, वायर उघडी असली तरी चालेल. शिष्यवृत्ती उशिरा आली, आली तर खरी. या वाक्यानं आपल्याला तगवलं हे मान्य. पण झावळ्यांचं छप्पर याच वाक्यावर उभं असतं. तक्रार केली तर जागा जाईल, ही भीती आपल्याला डिग्रीनंतरही सोडत नाही. मी वर्षभर त्या तळघरात बसले. आईनं विचारेपर्यंत मी दारं मोजली नव्हती.

त्यामुळे १६ जुलैला मेणबत्त्या लावण्यापेक्षा आपण मोजणी करावी असं मला वाटतं. आपल्यातले कितीतरी आज शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, बांधकाम खात्यात अभियंते आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यात आपले भाऊ-वहिनी आहेत, फक्त सही करायला बोलावले जातात. गावी गेलात की शाळेत जा. चूल किंवा गॅस कुठं आहे, वर्गापासून किती लांब आहे, जिने किती, छत गळतं का, शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारा आणि समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं टिकत नाही, आईनं दोनदा सांगितलेलं कुठंच नोंदलेलं नाही. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आपल्याला लिहिता येतो, पदवी त्यासाठीही आहे. आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आधी विचारा. धोका कुठं आहे हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

त्या फोननंतर मी लायब्ररीच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "पीछे दरवाज़ा है मैडम, बंद रखते हैं, लड़के बिना फ़ीस घुस आते हैं।" आम्ही अकरा जणांनी सह्या करून पत्र दिलं. सही करायला दोघं कचरले, त्यांची फी थकली होती. मालक आधी रागावला, मग पंधरा दिवसांनी मागच्या दारापुढची कपाटं हलली आणि दाराला बाण रंगवला गेला.

मी आईला फोन करून सांगितलं, आता दोन दारं आहेत.

ती म्हणाली, "बरं झालं. किल्ली कुणापाशी असते?"