ग्लॉकमधलं प्लॅस्टिक: काय ठेवावं, काय बदलावं



नवीन ग्लॉक घेतलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आतलं प्लॅस्टिक काढून स्टील टाकू का?" अहो, १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने हे पिस्तूल घेतलं तेच प्लॅस्टिकच्या फ्रेमसकट! स्प्रिंगचा गाइड रॉड मी अजून कंपनीचाच ठेवलाय. स्टीलच्या रॉडने पुढे थोडं वजन वाढतं, बाकी खिशाला चाट.

साइट्स मात्र बदलाच. साध्या मॉडेलवर त्या प्लॅस्टिकच्या येतात. होल्स्टरमध्ये घासून पुढची झिजते. शिवाय एक हात जायबंदी झाला, तर मागची साइट पट्ट्याला अडकवून स्लाइड ओढावी लागते. तिथे प्लॅस्टिकवर माझा भरवसा नाही.

काम सुरू करताना आधी मॅगझिन काढा, मग चेंबर डोळ्याने पाहा, बोटानेही चाचपा. पुढची साइट खालून बारीक स्क्रूने बसते, त्याला लॉकटाइटचा थेंब पुरे. मागची खाचेत घट्ट असते. हातोडी नको, साइट पुशर वापरा किंवा सरळ गनस्मिथकडे द्या.

आणि हो, नवी पुढची साइट जुनीपेक्षा उंच असेल तर गोळी खाली लागते. रेंजवर नेम तपासल्याशिवाय ते पिस्तूल कमरेला लावू नका.