‘दमा आहे, पंप घ्या’ एवढ्याने भागत नाही

नांदेड-लातूर भागात धाप लागणाऱ्या बहुतेक आजारांना एकच नाव आहे, दमा. केसपेपरवर डॉक्टर सीओपीडी लिहितात, पण रुग्णाच्या कानावर पडतो तो दमाच. मग गावातल्या कुणाचा तरी दमा मृगाला हैदराबादेत मासा गिळून ‘गेला’ म्हणून हाही गाडीत बसतो. त्या औषधाने दमा जातो याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि सीओपीडी तर दमाही नव्हे.

दम्यात श्वासनलिका आवळतात आणि उपचाराने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने नलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे सैल पडतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. स्पायरोमेट्रीत हेच मोजतात. छातीभर श्वास घेऊन जोराने सोडला, तर एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली? नलिका मोकळ्या करणारे औषध ओढल्यानंतरही हा वाटा ७० टक्क्यांच्या आतच राहिला, तर लक्षणे आणि धुराचा इतिहास जोडून निदान पक्के होते. नुसत्या एक्स-रेवर हे नाव ठरवू नये. तरी ठरवले जाते, कारण ही चाचणी सगळीकडे होत नाही.

विडी ओढणाऱ्याला कारण पटते. अवघड असते ते बाईला सांगणे. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाने तिला अपमान वाटतो, आणि ते रास्तच आहे. तिने आयुष्यभर तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळल्या, त्यांचा धूर घेतला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या याच आजाराकडे लक्ष वेधले होते. क्षयरोग होऊन गेलेल्यांनाही याचा धोका अधिक असतो. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोहोचले. पण अनेक घरांत गॅस चहापुरता, आणि भाकरी व अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच. (चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे कोण नाकारेल?) म्हणून ‘गॅस आहे का?’ असे न विचारता ‘भाकरी कशावर करता?’ असे विचारावे. खरे उत्तर तिथे मिळते.

देशात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ५.५ कोटींवर गेले. यातल्या किती जणांना आपल्या आजाराचे नाव माहीत असेल? फाइल मुलाच्या हातात असते, डॉक्टर मुलाशी बोलतात, आणि आजी बाकावर बसून राहते.

‘हे बरं होईल का?’ असे ती विचारते, तेव्हा ‘होईल, औषध घ्या’ म्हणणे सोपे असते. रुग्ण घाबरेल म्हणून बहुतेक जण तेच म्हणतात. पण गेलेले फुप्फुस परत येत नाही. धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते, साठीत विडी सोडली तरी. औषधाने धाप कमी होते, चालणे वाढते, झटके कमी येतात. हे दोन्ही एका दमात सांगावे लागते. ज्याला पहिला भाग सांगितलेला नसतो, तो बरे वाटले की पंप बंद करतो आणि थंडीत रात्री तातडीच्या विभागात येतो. ओपीडीची गर्दी खरी आहे, पण पहिल्या दिवशी वाचवलेली पाच मिनिटे अशी वॉर्डातल्या पाच दिवसांनी फेडावी लागतात.

पंपाची भीती हा आणखी एक अडसर. ‘सवय लागते’, ‘तो शेवटचा उपाय’ असे शेजारी सांगतात. सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. तेही थेट श्वासनलिकेत जाते. त्यामुळे गोळीने होणारी हातांची थरथर आणि छातीतली धडधड पंपाने कमी होते. मात्र तो ओढायचा कसा, हे करून दाखवावे लागते. यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही आढळतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी त्यांची तक्रार असते. पुढच्या भेटीला पंप सोबत आणायला सांगून तो रुग्णाकडूनच ओढून घ्यावा. डोस वाढवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.