बिल काढण्याआधी साइट साध्या फोनवर उघडून बघा

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पेठ वडगावात मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. दुकानदार, पतसंस्था, शाळा ही माझी गिऱ्हाइकं. पण अनेक लोक माझ्याकडे येतात ते सरकारी फॉर्म अडला म्हणून. माहिती भरलेली असते, कागद अपलोड झालेले असतात आणि शेवटचं बटण दाबूनही काही होत नाही. तोच फॉर्म माझ्या कॉम्प्युटरवर क्रोममधून लगेच जातो. फॉर्म भरणाऱ्याची चूक नसते, फोनही बिघडलेला नसतो. साइट करणाऱ्यानं ती फक्त आपल्या टेबलावरच्या एका ब्राउझरमध्ये चालवून बघितलेली असते.

माझी मागणी एकच आहे. शासनाची कुठलीही वेबसाइट ताब्यात घेण्याआधी ती वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि जुन्या, स्वस्त फोनवर तपासली जावी. ती तपासणी पार पडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. रस्त्याच्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, मग वेबसाइटला ही सूट का?

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारनं सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आणली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. साइट अनेक ब्राउझरवर तपासावी, प्रादेशिक भाषेतला मजकूर कुठे विस्कटत नाही ना ते पाहावं, अशी अपेक्षा त्यांत आहे. अपेक्षा कागदावर राहते, कारण ती मोडली तर कुणाचे पैसे अडत नाहीत.

एकाच ब्राउझरवर विसंबण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. कितीतरी सरकारी पानांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ वर्षानुवर्षं होती. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी त्या ब्राउझरचा आधार काढून घेतला आणि त्याच्याच लकबींवर बेतलेल्या साइट उघड्या पडल्या. आज ती जागा क्रोमनं घेतली आहे, सवय मात्र तीच. वास्तविक डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ पासून वेबची मानकं ठरवते आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या कंपन्याही २०२२ पासून ‘इंटरऑप’ नावाच्या उपक्रमात दरवर्षी एकत्र बसून आपापल्या ब्राउझरमधले फरक कमी करतात. मानकं पाळून लिहिलेलं पान बहुतेक सगळीकडे चालतं. नंतरच्या दुरुस्त्यांचा खर्च वाढतो तो आडवाटेनं लिहिलेल्या पानांवर.

आमच्या शेजारचं उदाहरण देतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातल्या ७० गावांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या साहाय्यानं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावरच्या संगणकावर शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती मिळू लागली. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी एसएमएसवरून तीच माहिती देऊन पाहिली आणि शेतकऱ्यांनी ती पद्धत उचलून धरली. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की एसएमएस ठरलेल्या मानकावर चालतो. शेतकऱ्याच्या हातातला फोन कुठल्या कंपनीचा, हा प्रश्नच उरला नाही. वारणेकाठी जे साध्या फोनवर जमलं, ते मंत्रालयाच्या साइटला अशक्य नाही.

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे आणि ती साइट बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला बहुधा दिसतही नाही. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या आडनावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटनं ते एकच मानण्याची सोय केली नसेल तर शोधताना ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं. माणूस समोर उभा आहे, कागद हातात आहे आणि नोंद सापडत नाही! तसंच पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तो मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. ही एका ओळीची गोष्ट आहे. शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, तो शासनाच्याच पानांवर दिसायला नको का?

नेटवर्कचंही तेच. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं २०१३ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कोड, चाललंच नाही. त्या १.१ पैकी जेमतेम ०.२ टक्के लोकांनी ते स्वतः बंद ठेवलं होतं किंवा त्यांचा ब्राउझर ते चालवत नव्हता. बाकीच्यांपर्यंत ते इतर कारणांनी पोचलं नव्हतं. ही गत तिथली, तर रेंज येत-जात असताना उसाच्या फडात उभं राहून फॉर्म भरणाऱ्याची काय होत असेल? नाव, पत्ता, गट क्रमांक पाठवणारा साधा फॉर्म जावास्क्रिप्टशिवायही गेला पाहिजे.

म्हणून पुढच्या प्रत्येक निविदेत हे लिहा: साइट क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीवर, चार-पाच वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर, माऊसशिवाय फक्त कीबोर्डवर आणि अंध व्यक्ती वापरतात त्या वाचक सॉफ्टवेअरवर चालवून दाखवावी. चाचणीचा निकाल तारखेसह त्याच साइटवर जाहीर करावा. आणि चाचणीला एक माणूस मंत्रालयाबाहेरचा, एखाद्या तालुक्याच्या सेवा केंद्रात रोज फॉर्म भरणारा असावा. आमच्या हातकणंगले तालुक्यातून कुणी हवं असल्यास मी स्वतः यायला तयार आहे, मानधनाशिवाय.

आपला,
पेठ वडगावातील एक वेबसाइट विकासक