चार नंबर, पण कुणाचा चार?

मुलांनो, तालुक्याच्या स्पर्धांआधी आमच्या शाळेत घडलेली ही गोष्ट. सातवीतली एक मुलगी दोनशे मीटरला हमखास पहिली यायची. तिचे बाबा टेंपो चालवतात. त्यांनी शहरातून तिला खास धावायचे नवे बूट आणले. आणि झालं काय, बूट आले अन् बाईसाहेब तिसऱ्या यायला लागल्या! दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती मैदानाच्या कडेला बूट काढून बसली होती. बघते तर अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं.

"अगं, घट्ट होतात तर बोलली का नाहीस?"

"बाई, नंबर बरोबर आहे. जुने पण चारच होते. माझेच पाय वाढले असतील." मग हळूच म्हणाली, "बाबांना नका सांगू ना."

दुसऱ्या दिवशी तिला जुने बूट घेऊन यायला सांगितलं. दोन्ही जोडांवर आकडा एकच, चार. कंपन्या मात्र वेगळ्या. आतले सुटे सोल बाहेर काढले आणि वर्गातली पट्टी लावली. जुना भरला २४.२ सेंटिमीटर, नवा २३.४. आठ मिलिमीटरचा फरक! तिचा डावा पाय २३.१ होता. म्हणजे नव्या बुटात बोटांपुढे जेमतेम तीन मिलिमीटर जागा. धावताना पाय पुढे सरकतो, दर पावलाला अंगठा बुटावर आपटतो. नख काळं पडणार नाही तर काय?

आता तुम्ही विचाराल, बाई, आकडा एक आणि माप दोन, असं कसं? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

इंग्लंडात फार पूर्वी जवाचे तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवले की एक इंच धरायचे. (आपल्याकडेही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचा एक अंगुळ सांगितलाय. जव सगळीकडे कामाला!) बुटाचा एक नंबर म्हणजे जवाचा एक दाणा, इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर चार इंचांपासून मोजायला सुरुवात होते. ते तेरापर्यंत जातात आणि मग गाडी पुन्हा एकवर येते. म्हणून तुमच्या धाकट्या भावाला तेरा नंबर होईनासा झाला की दुकानदार एक नंबर काढतो. माझ्या भाच्याने एकदा यावरून दुकानात भोकाड पसरलं होतं, "मी मोठा झालो ना, मग एक का?" त्याचं काय चुकलं सांगा!

युरोपातल्या लोकांचा हिशेब वेगळा. त्यांचा एक नंबर सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणून तिथे अडतीस, चाळीस असे मोठे आकडे दिसतात. अमेरिकेचा नंबर इंग्लंडसारखाच तिसऱ्या हिश्शाने वाढतो, पण मोजणी दुसऱ्याच जागेपासून सुरू होते. जपानी लोक मात्र सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहितात. मला विचाराल तर शहाणे तेच.

पण खरी मेख पुढेच आहे. इंग्लंडचा काय किंवा युरोपचा काय, हा आकडा तुमच्या पायाचा नसतोच! तो असतो कलबुताचा. बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर शिवतात तो कलबूत. कारागीर त्याला फर्मा म्हणतात. पायापेक्षा तो लांब ठेवावा लागतो, कारण बोटांपुढे मोकळी जागा हवी. किती लांब, ते प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. एकीचा फर्मा पुढे निमुळता, दुसरीचा पसरट. एकीच्या बुटात आत जाड गादी, दुसरीच्यात पातळ कापड. शिवाय बऱ्याच बुटांवर रुंदी लिहिलेलीच नसते.

मोठमोठ्या कंपन्यांचे तक्तेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. पुरुषांचा इंग्लंडचा सहा नंबर घ्या. नायकेच्या तक्त्यात त्याच्यासमोर युरोपचा ४० येतो, आदिदासच्या तक्त्यात ३९ पूर्णांक १/३ आणि प्यूमाच्या तक्त्यात ३९. सेंटिमीटरच्या रकान्यात नायके २५ लिहिते, आदिदास २४.५. आता बोला!

त्यात आपले पाय. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं यंत्राने घेतली. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यात दिसलं. मग आपण काय करतो, रुंदीला बसावा म्हणून एक नंबर मोठा घेतो. बोटं सुटतात, पण टाच आत खालीवर होते आणि फोड येतात. या पाहणीवरून खास भारतीय पायांसाठी 'भ' नावाची मापाची पद्धत सुचवली गेली. 'भ' भारताचा!

तर त्या दिवशी आम्ही वर्गात सगळ्यांचेच पाय मोजले. तुम्हीही मोजा, पण संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. जमिनीवर कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभं राहायचं. पेन्सिल उभी धरून दुसऱ्याने खूण करायची. स्वतः वाकलात तर पाय हलतो. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही हं, कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. आमच्या वर्गात दोन्ही पाय अगदी सारखे फक्त चौघांचे निघाले! मग बुटातला सोल निघत असेल तर त्यावर उभं राहून बघा. बोटापुढे एक सेंटिमीटरच्या आसपास जागा उरली पाहिजे.

तिच्या बाबांना मी सांगितलंच. वचन मोडलं म्हणा हवं तर. ते शाळेत आले, दोन्ही सोल हातात घेऊन एकमेकांवर ठेवून बघितले. "बाई, मी चारच मागितला होता हो," म्हणाले. मग तिच्याकडे वळले, "आणि तू एवढे दिवस तसलाच घालून पळत होतीस?" ती मान खाली घालून उभी. बूट मैदानात वापरलेले, दुकानदार काही परत घेईना. ते आता तिच्या पाचवीतल्या भावाच्या पायात आहेत आणि तो फारच खूश आहे. ती स्पर्धेत जुन्याच बुटांत धावली आणि दुसरी आली. तिच्या पावलाचा कागद मात्र बाबांनी घडी करून टेंपोच्या कप्प्यात ठेवलाय.

आता तुमचं काम. घरातल्या सगळ्यांचे पाय मोजा आणि प्रत्येकाच्या बूट-चपलांवरचा नंबर त्यापुढे लिहून मला पाठवा. आजोबांच्या कोल्हापुरीवर आकडा नसेल तर नुसती लांबी लिहा, चालेल.