पेटीतला पोशाख कोणाचा?

माझ्या स्वीडिश सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात एक पोशाख निघाला. डालार्ना प्रांतातल्या रेटविक गावचा. गडद घागरा, आणि पुढे, अ‍ॅप्रनच्या जागी, घागऱ्यातच जोडलेला आडव्या पट्ट्यांचा रंगीत भाग. जाणकार हे पट्टे बघून बाईचं गाव सांगतात.

दीर म्हणाले, संग्रहालयाला देऊ. संग्रहालयानं नम्रपणे नकार दिला. असे पोशाख त्यांच्याकडे भरपूर आहेत. नणंद म्हणाली, ऑनलाइन विकू. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्याचे उशांचे अभ्रे शिवायचे होते!

मी म्हटलं, रेटविकच्या लोकनृत्याच्या गटात एक मुलगी उसन्या पोशाखात नाचते. तिला देऊ.

"पण ती इथली नाही ना," दीर म्हणाले. तिचे आईवडील सीरियातून आलेत.

माझं भांडण या वाक्याशी आहे.

डालार्नातले पोशाख नाहीसे होताहेत हे 1872 साली आर्टुर हाझेलियसच्या लक्षात आलं आणि तो ते जमवू लागला. त्यातूनच पुढे नॉर्डिस्का म्युझियम उभं राहिलं. तो जन्मानं स्टॉकहोमचा. म्हणजे गावचा ठेवा जपायला बाहेरचा माणूस चालला. 6 जूनला, राष्ट्रीय दिनी, राणी सिल्व्हिया निळापिवळा स्वीडिश पोशाख घालते. तिचा जन्म जर्मनीतला, आई ब्राझीलची. तिला कुणी विचारत नाही, तू कुठली?

दीर म्हणतात, तो देशाचा पोशाख, हा गावाचा. मान्य! मग गावात कोण राहतं? ती मुलगी. आम्ही सगळे स्टॉकहोमला. रक्ताच्या हिशेबानं हा घागरा माझ्या लेकीचा. ती दर सुट्टीत पुण्याला जाते, रेटविकला एकदाही गेलेली नाही.

आणि जपून ठेवणं म्हणजे काय, ते मी पुण्यात पाहिलंय. आजीची पैठणी "चांगल्या प्रसंगासाठी" कपाटात राहिली आणि घडीघडीवर चिरली. प्रसंग आलाच नाही.

वारसा ज्याला मिळतो त्याचा नसतो, जो वापरतो त्याचा असतो. परंपरेची काळजी असेल तर आधी ती कुणाच्या तरी अंगावर चढू द्या. रक्त नंतर तपासा.

पोशाख मी त्या मुलीला देऊन टाकला. कंबर थोडी सैल करावी लागली. दीर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मिडसमरला मात्र तो घागरा कित्येक वर्षांनी नाचला.